कुपाटीपलीकडची ड्यूसनबर्ग

"नऊ क्विंटल?" काकूंच्या हातातलं सूप थांबलं. "आख्खी मोटार नऊ क्विंटल? गुरुजी, यवढं त माह्या वावरात सोयाबीन होते."

कुपाटीच्या पलीकडे काकू, अलीकडे मी आणि माझ्या ओट्यावर ड्रायव्हरभाऊ, असा आमचा दुपार कलल्यावरचा फड. भाऊंनी उभी हयात इंदूर-अमरावतीच्या गाडीवर काढली. खंडवा, देडतलाई, धारणी, परतवाडा, सगळी वळणं तोंडपाठ. त्यामुळे मोटारीचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्यांचा. काकूंचा नातू इंदूरला शिकतो. त्यानं आजीच्या मोबाईलवर एका अमेरिकन गाडीचा फोटो धाडला होता. मोस्लर एमटी ९००. मोजक्याच बनलेल्या, शर्यतीसाठी घडवलेल्या आणि आता हौशी संग्राहकांसाठी विकायला काढलेल्या गाड्यांपैकी एक.

"नावातलं नऊशे म्हणजे ठरवलेलं वजन," मी सांगितलं. "कार्बन फायबरचा सांगाडा, इंजिन शेव्हरोले कॉर्व्हेटचं. पण रस्त्यावरची म्हणून जी विकली, ती नऊशेच्या बरीच पुढं गेली."

"काट्यावर सगळ्यायचंच तसं होते," काकू म्हणाल्या. "आन हा मोस्लर कोन?"

"वॉरन मोस्लर. मूळ धंदा पैशाच्या बाजारातला. फ्लोरिडात त्यानं गाड्यांचा कारखाना टाकला. शिवाय अर्थशास्त्रावर बोलतो. स्वतःचं चलन काढणाऱ्या सरकारजवळचा पैसा कधी संपत नसतो, असं म्हणणाऱ्यांतला तो एक म्होरक्या."

"मंग त्याले भोपाळले पाठवा ना जी. लाडली बहनाचे पैसे तरी वाढवून देईन."

भाऊ इतका वेळ सुपारी कातरत होते. आता त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "काकू, असल्या गाडीचं नवल इंदूरवाल्या पोट्ट्यानं सांगू नाही. शर्यतीच्या रक्ताची अमेरिकन गाडी त होळकर सरकारनं नव्वद वर्सं अगुदर घेतली होती. आमच्या डेपोतले जुने मिस्त्री नुसतं तिचं नाव घेतलं तरी सरळ उभे राहत."

"होळकरांले अमेरिकेचं काय भलतंच याड होतं?" काकूंनी सूप बाजूला ठेवलं. आता खऱ्या गप्पा सुरू झाल्या, हे मी ओळखलं.

याड होतंच म्हणायचं. तुकोजीराव होळकर तिसरे यांची गोष्ट काकूंना अर्धी माहीत होती. १९२५ साली मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. इंदूरच्या दरबारातून निघून आलेली मुमताज नावाची नर्तकी त्याच्या सोबत गाडीत होती. मारेकऱ्यांचे धागे इंदूरपर्यंत गेले. इंग्रजांनी चौकशी लावतो म्हटल्यावर १९२६ मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली. आणि १९२८ मध्ये त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. तिनं आधी हिंदू धर्म स्वीकारला, नाव पडलं शर्मिष्ठादेवी, आणि लग्न लागलं बडवाहला.

"बडवाहले?" भाऊ उसळले. "आपली गाडी चहाले थांबे थे बडवाह?"

"तेच."

"इतके वर्सं तिथं चहा पेलो, कोनी सांगतलं नाई."

"बापानं अमेरिकेची बायको केली," काकूंनी बोटं मोजायला घेतली, "पोरानं अमेरिकेची गाडी."

"पोरानं गाडीही केली आणि बायकाही," मी म्हटलं. यशवंतराव दुसरे, जन्म १९०८, शिक्षण ऑक्सफर्डला. पहिली पत्नी संयोगिताबाई १९३७ मध्ये अकाली गेल्या. त्यानंतर त्यांनी दोन लग्नं केली आणि दोघीही अमेरिकन. काकूंची तिन्ही बोटं वर झाली, मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

"गाडीचं सांगा," भाऊंनी रस्ता सोडू दिला नाही.

ड्यूसनबर्ग. फ्रेड आणि ऑगस्ट हे दोघे भाऊ मूळचे जर्मनीचे, लहानपणी अमेरिकेत गेलेले. फ्रेड आधी सायकली बनवायचा आणि शर्यतीत पळवायचाही. मग मोटारी. १९२१ मध्ये त्यांच्या गाडीनं फ्रान्सची ग्रां प्री जिंकली. चालवणारा जिमी मर्फी, जागा ल मां. अमेरिकन गाडीनं युरोपात जाऊन असली शर्यत मारण्याची ती पहिलीच वेळ. पुढं इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत त्यांच्या गाड्यांनी १९२४, १९२५ आणि १९२७ अशी तीनदा जिंकली.

"मंग पैशावाले झाले असतीन," काकू.

"कुठले! शर्यती जिंकल्या, धंद्यात मार खाल्ला. १९२६ मध्ये एरेट कॉर्ड नावाच्या शेठनं कंपनी घेतली आणि फ्रेडला सांगितलं, जगातली सगळ्यात भारी गाडी कर. १९२८ च्या शेवटी 'मॉडेल जे' आली. आठ सिलिंडर एका रांगेत, जवळपास सात लिटरचं इंजिन, बत्तीस व्हॉल्व्ह, २६५ हॉर्सपॉवर. कंपनी म्हणायची, ताशी १९० किलोमीटर पळते."

"बत्तीस व्हॉल्व्ह?" भाऊंचा आवाज एकदम खाली आला. "१९२८ ले? माह्या गाडीच्या इंजिनात शेवटपर्यंत बारा होते."

"पुढं त्यात सुपरचार्जर बसवला. इंजिनात हवा दाबून भरायची, म्हणजे तेल जास्त जळतं आणि ताकद वाढते. ती 'एसजे', ३२० हॉर्सपॉवरची. फ्रेडचा शेवटही तिच्यातच आला. १९३२ मध्ये पेन्सिल्व्हेनियात ती चालवताना अपघात झाला, त्यातून तो उठला नाही."

काकूंनी हात जोडल्यासारखे केले. "स्वतःच्याच गाडीनं खाल्लं म्हना की."

यशवंतरावांनी घेतली ती याच एसजे जातीची. कंपनी इंजिन आणि चाकांचा सांगाडा द्यायची, वरची बॉडी ज्यानं त्यानं आपल्या पसंतीच्या कारागिराकडून चढवून घ्यायची. ही बॉडी चढवली लंडनच्या गर्नी नटिंगनं. केशरी आणि काळा रंग, लांबलचक नाक, घोड्यासारखी पुढं ताणलेली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरच तेरा फुटांच्या घरात, आणि बसायची जागा मुख्यतः दोघांची. हलकी म्हणायची सोय नाही. मोस्लरसारख्या दोन गाड्या तिच्या पारड्यात सहज बसल्या असत्या. शर्यतीचं होतं ते तिचं इंजिन.

"तेरा फूट गाडी आन दोन मानसं!" काकू म्हणाल्या. "आमच्या काळीपिवळीत धारणीच्या बाजाराले पंधरा बसतेत, टपावरचे सोडून."

"राजाच्या गाडीत जागा रिकामी राहते, काकू. तोच तिचा थाट," भाऊ म्हणाले.

"आन पैसा?"

हा प्रश्न येणारच होता. नुसत्या सांगाड्याची किंमत सुरुवातीला साडेआठ हजार डॉलर होती, बॉडीचे वेगळे. त्याच सुमारास फोर्डची आख्खी मोटार पाचशे डॉलरच्या आसपास मिळायची. तरी मॉडेल जे आणि एसजे मिळून साधारण चारशे ऐंशी गाड्या खपल्या, त्याही जगबुडीसारखी मंदी आलेली असताना. १९३७ मध्ये कंपनीच मिटली. होळकरांची गाडी या वंशावळीच्या शेपटाकडची.

"राजाच्या घरचा पैसा म्हंजे रयतेचाच ना जी?" काकू थेट मुद्द्यावर आल्या. "माळव्यात कापूस कोन पिकवे, आन केशरी गाडी कोन फिरवे?"

भाऊंना ते लागलं. "त्यानं क्रिकेट बी पोसलं, काकू. सी. के. नायडू कोनाकडून खेळे? होळकरांकडून. चार वेळा रणजी मारली इंदूरनं. थे गावातल्या पोट्ट्यायनं फुकट पाह्यलं का नाई?"

"पाह्यलं असन. गाडी बी फुकटच पाह्यली त्यायनं, रस्त्याच्या कडेले उभं राहून."

याला भाऊंकडे उत्तर नव्हतं. त्यांनी पुन्हा अडकित्ता उचलला.

"आता कुठं हाये थे गाडी?" काकूंनी विचारलं. "इंदूरले पाह्याले भेटते का?"

"अमेरिकेत. कधीचीच परत गेली. तिथल्या बड्या संग्राहकांच्या दावणीला."

"जाऊ कशी देल्ली?"

तेव्हा अडवणारं कोणी नव्हतं, एवढंच खरं. संस्थानं विलीन झाली, राजवाड्यांना पैसा हवा होता आणि परदेशी दलाल हातात रोकड घेऊन फिरत होते. आज १९५० पूर्वीची मोटार देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. २०२१ पासून तर केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली आहे. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नवी नोंदणी वीस हजार रुपयांत, दहा वर्षांसाठी. अट एवढीच की ती रोजच्या वापरात आणायची नाही, धंद्याला तर मुळीच नाही. मेळाव्याला, प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची आणि परत झाकून ठेवायची.

"मंग थे गाडी कायची?" भाऊ पुटपुटले.

"एक सांगा," काकू कुपाटीवर दोन्ही हात टेकून म्हणाल्या. "अमेरिकेची गाडी अमेरिकेत गेली. तिथं तशा आनखी असतीन ना?"

"आहेत की. जपलेल्या बऱ्याच आहेत."

"मंग हिचा भाव काहून जास्त?"

मी म्हटलं, "कारण तिच्या पाटीवर लिहितात, इंदूरच्या महाराजांची."

"हां!" काकूंनी हाताचा तळवा कुपाटीवर आपटला. "म्हंजे लोखंड त्यायचं, इंजिन त्यायचं, कातडं लंडनचं. आन वरचा जो भाव हाये थो आपल्या इंदूरच्या नावाचा. मंग इंदूरले काय भेटलं?"

मी आजवर हा हिशोब असा मांडला नव्हता. आणि तो एका गाडीपुरता नाही. यशवंतरावांनी १९३० ते ३३ मध्ये एकार्ट मुथेझियस या जर्मन वास्तुतज्ज्ञाकडून माणिकबाग महाल सजवून घेतला. त्यातलं फर्निचर १९८० मध्ये सॉदबीजनं मोनॅकोत लिलावात काढलं. ब्रांकुशीकडून घेतलेले पक्ष्याचे दोन संगमरवरी पुतळे, एक काळा आणि एक पांढरा, आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या संग्रहालयात आहेत. त्यांच्यासाठी इंदूरला मंदिर बांधायचं घाटत होतं, ते झालंच नाही. प्रत्येक वस्तूच्या खाली इंदूरचं नाव आहे, आणि त्या नावाला मोल आहे.

"आन महालात काय हाये आता?"

"केंद्राच्या कर खात्याचं ऑफिस."

भाऊ इतके हसले की सुपारी नाकात गेली. "म्हंजे जीएसटी भराले राजाच्या महालात जा लागते!"

काकू हसल्या नाहीत. त्यांचा हिशोब अजून मिटला नव्हता. "काहीच रायलं नाई म्हना मंग."

राहिलं की. यशवंतरावांचा मुलगा रिचर्ड, आई अमेरिकन. त्यांनी आणि त्यांच्या तेव्हाच्या पत्नी सॅली, त्याही अमेरिकन, दोघांनी मिळून १९७९ च्या सुमारास महेश्वरला 'रेवा' ही संस्था काढली. अहिल्याबाईंच्या काळापासूनचे तिथले हातमाग तोवर बंद पडत चालले होते. विणकरांना नव्यानं काम मिळालं, बायका मागावर बसल्या, आणि महेश्वरी साडी पुन्हा देशभर विकली जाऊ लागली.

काकू गप्प बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हे बरं झालं. तिथं अमेरिकेची सून कामाले आली." आणि लगेच मोबाईल माझ्या हातात दिला. "लावा पोट्ट्याले फोन. म्हना, मोटारीचे फोटू धाडू नको. दिवाळीले येताना आजीसाठी महेश्वरी आन. आन भाव करून आन म्हना. दुकानदारानं राजाचं नाव सांगतलं का हजार रुपये वरते लावतेत. नाव नको, साडी दाखव म्हना."