माय वं, हे एमबीएचं येड!

ऐकलं का? आपल्या वाशिमात आता म्हणे कोणाचंच मन नोकरीत नाही. बँकेत पीककर्जाच्या फायली चाळणारा, कृषी केंद्रात फवारणीच्या बाटल्या काढून देणारा, समृद्धी महामार्गाच्या कामावर उन्हाळे काढून काळा पडलेला सिव्हिल इंजिनीअर, झाडून सगळ्यांना 'टेक'मध्ये जायचंय. जावं की, कोणी धरलंय? पण वाट ऐका: आधी एमबीए, मग बंगळूर, मग प्रॉडक्ट मॅनेजर. पुसद नाक्यावर चहाला उभं राहिलं की पूर्वी तुरीचे भाव आणि पीकविमा कानावर पडायचा, आता पर्सेंटाइल पडतं!

साध्या पोरांची मजल कॅट परीक्षेपर्यंत. नोव्हेंबरातला रविवार, तीन भाग, प्रत्येकाला 40 मिनिटं, की झालं. तिथंही मेख आहेच. बंगळूरचं आयआयएम निवडीत दहावीचे गुणसुद्धा धरतं. ज्या गुणपत्रिका कपाटात साडीच्या घडीखाली दडवल्या होत्या, त्या पुन्हा उजेडात आल्या. उलट बी.कॉम. आणि बी.एस्सी. अ‍ॅग्रीवाल्यांची कॉलर ताठ, कारण इंजिनीअर नसल्याबद्दल काही आयआयएम वरून जादा गुण देतात. आयुष्यभर ज्यांना "इंजिनीअरिंगले नंबर नाही लागला वाटते" म्हणून टोचलं, ते आता मिशीत हसतात.

पण खरी चंगळ जीमॅटवाल्यांची. ती परीक्षा घरबसल्या देता येते. मंगरूळपीरकडच्या एका घरात परवा काय झालं म्हणे! सव्वादोन तासांची परीक्षा, कॅमेऱ्यातून कोणी परका माणूस बघतोय, खोलीत दुसऱ्याची सावली पडता कामा नये. पोरानं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, टेबल रिकामं केलं आणि आईला सांगितलं, बाहेरून कडी घाल. घातली. आजी देवळातून आली तर नातू कोंडलेला आणि सून शांतपणे भाकरी थापतेय. आजीनं कडी काढली आणि थेट आत. "काहून कोंडलं रे तुले? काय केलं तू?" पोरगं बोलेना, नुसते हातवारे. मग तर तिची खात्रीच पटली. त्या पेपरचं पुढं काय झालं ते घरचे सांगत नाहीत, पण जीमॅटचे गुण 205 पासून 805 पर्यंत असतात हे कळल्यावर आजोबा म्हणाले, "काहीच न येणाऱ्यालेही 205? मंग बसू दे पुन्हा."

आता निबंधांचं सांगते, पण हळू बोला. आयएसबी आणि परदेशातल्या बिझनेस शाळा निबंध मागतात: आजवर काय केलं, पुढं काय करणार, आमच्याकडेच कशाला? झालं, जिल्ह्यात समाजसेवेला पूर आला. ज्यानं श्रमदानात एक घमेलं उचलून फोटो काढला, तो आता 'जलसंधारण चळवळीचा नेता'. चुलतभावाला मोबाइल शिकवला, तो 'ग्रामीण डिजिटल साक्षरता प्रकल्प'. वरून एआयकडून मजकूर घोटून घेतात, त्यामुळं कारंज्याच्या पोराला आणि रिसोडच्या पोरीला एकाच वयात, एकाच शेतात, एकाच संध्याकाळी तंत्रज्ञानाची ताकद जाणवली! मुलाखतीत कोणी विचारलं, घमेली किती भरली, की तोंडचं पाणी पळायचं. आणि मुलाखतवाले गावाबद्दलही विचारतात बरं. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म, जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला, एवढं तरी पाठ हवं. ही पोरं विकिपीडिया उघडतात थेट नागपूरच्या गाडीत.

सगळ्यात मोठी बदमाशी मालेगावच्या त्या आडत्याच्या पोराची. त्यानं म्हणे निबंधात चक्क सोयाबीन लिहिलं! हमीभावासाठी ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो (2024 मध्ये केंद्रानं तो 15 पर्यंत सैल केला, आठवतं ना बोंबाबोंब), आणि मशीनगणिक आकडा थोडा वेगळा. यानं एका हंगामात प्रत्येक पोत्याचा ओलावा, मशीन आणि मिळालेला भाव शीटमध्ये चढवला. दाणा दाताखाली फोडून मुनीम जो अंदाज सांगायचा, तोही शेजारच्या रकान्यात. मग एनपीटीईएलच्या ऑनलाइन वर्गात पायथन शिकला. शिकायला फुकट, परीक्षेपुरते पैसे. शेतकऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर सांगू लागला, आज आणू नका, दोन दिवस वाळवा. बाप ओरडला, "आपलीच आवक कमी करतं, भोकन्या!" आणि ते ओरडणंसुद्धा पोरानं निबंधात घातलं. ना नेतृत्व, ना चळवळ, ना दृष्टिकोन! नुसती पोती! आणि मुलाखतीचं बोलावणं कोणाला आलं? त्यालाच. सांगा आता.

बाकीच्यांना एक खडा मारून ठेवते. प्रॉडक्ट मॅनेजरच्या जागांना कंपन्या बऱ्याचदा आधी सॉफ्टवेअरमध्ये काम केलेल्यांनाच बोलावतात. एमबीएचा शिक्का म्हणजे गंगास्नान नव्हे, मागचं सगळं धुऊन निघायला. दोन वर्षं आणि पंचवीसेक लाखांचं कर्ज अंगावर घेण्याआधी नोकरीत राहूनच हात बुडवून पाहावा. पण सांगून ऐकतंय कोण?

राहिलं शिफारसपत्र. ते साहेबानं स्वतः भरायचं असतं. एका कचेरीतले दोघं एकाच आठवड्यात साहेबापुढं उभे राहिले. साहेब खवळले: "कामाचा पत्ता नाही आन् निबंध लोकाकून लिहून घेता? लाजा वाटू द्या जराशा!" दोघं माना खाली घालून आले. त्याच रात्री साडेदहाला त्यातल्या एकाला साहेबांचा फोन. आवाज एकदम बारीक. "काय रे, ते अहमदाबादच्या आयआयएमचं एक वर्षाचं असते ना, पीजीपीएक्स का काय, त्याले वयाची अट किती?"

"सर, कमीत कमी 25 वर्षं आन् चार वर्षांचा अनुभव. वरची अट नाही."

"अस्सं." थोडा वेळ काहीच नाही. मग, "आन् तो निबंध लिहून देणारा पोरगा कोन म्हनला होता तू?"