सोफाशोधक

मराठी मध्यमवर्गात चिकित्सकांची वाण कधीच नव्हती. आंब्याची पेटी हुंगून देवगड की कर्नाटक हे सांगणारे, लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याच्या पहिल्याच घोटाला आचाऱ्याची कुवत ठरवणारे आणि रिक्षाचा मीटर मनातल्या मनात तपासत प्रवास करणारे, असे त्यांचे अनेक पोटभेद सर्वांच्या परिचयाचे आहेत. या सर्वांहून चिवट असूनही उपेक्षित राहिलेला एक पोटभेद म्हणजे दिवाणखान्यासाठी, अर्थात घरोघरी ज्याला हॉल म्हणतात त्या खोलीसाठी, आरामदायी आणि तरीही परवडणारा सोफा शोधत फिरणारा गृहस्थ होय. सोयीसाठी त्याला सोफाशोधक म्हणावे. तो बहुधा डोंबिवली, ठाणे, चिंचवड किंवा कोथरूड येथे राहतो, त्याचे गृहकर्ज फिटत आलेले असते, आणि त्याच्या लग्नाच्या वेळी घेतलेल्या सोफ्याच्या गाद्या इतक्या दबलेल्या असतात की पाहुणा टेकताच त्याची खालच्या फळीशी थेट ओळख होते. सोफा बदलला पाहिजे याविषयी घरात पूर्ण एकमत असते. अडचण एवढीच, की ते एकमत होऊन तीन दिवाळ्या उलटलेल्या असतात.

या गृहस्थाची कोंडी समजण्यासाठी बसण्याच्या पद्धतीचा थोडा पूर्वेतिहास पाहणे इष्ट ठरेल. मराठी घरात सोफा हा उशिरा आलेला पाहुणा आहे. त्याआधी बैठक होती, म्हणजे जमिनीवर गादी, तिच्यावर पांढरी चादर, टेकायला लोड आणि तक्के, यांपैकी लोड हा लांबट गोल आणि तक्क्या हा चौकोनी, पाठीमागे उभा ठेवायचा. या बैठकीवर माणूस मांडी घालून बसे, कंटाळा आला की कोपरावर रेले आणि जेवणानंतर तेथेच आडवा होई, व या तिन्ही क्रियांसाठी त्याला फर्निचर बदलावे लागत नसे. पुढे सधन घरांत कोच आला, चाळीतल्या बाहेरच्या खोलीत आधी पलंग व मग पोटात गोधड्या साठवणारा दिवाण आला, फ्लॅटमध्ये सोफा-कम-बेड आला, आणि शेवटी ‘थ्री प्लस वन प्लस वन’, म्हणजे तिघांचा एक व एकेकट्याचे दोन असा संच प्रतिष्ठेचा ठरला. फर्निचर असे बदलत गेले. देह मात्र बैठकीवरचाच राहिला. सोफाशोधकाच्या सर्व चुकांचे मूळ येथे आहे, परंतु त्याचा शोध नेमका या एका दिशेने कधीच जात नाही.

त्याचा आरंभ मापांपासून होतो. हॉल दहा बाय चौदा फुटांचा, त्यात एका भिंतीला टीव्ही, दुसरीला देव्हाऱ्याचा कोनाडा, तिसऱ्या बाजूला गॅलरीचे सरकते दार. उरलेल्या भिंतीला साडेसहा फुटांचा सोफा बसतो की सात फुटांचा, हे नुसत्या टेपने ठरवणे त्याला अशास्त्रीय वाटते. म्हणून एका रविवारी तो जुनी वर्तमानपत्रे जमिनीवर पसरून, कडांना चिकटपट्टी लावून, नियोजित सोफ्याचा पूर्ण आकाराचा नकाशा तयार करतो. पद्धत निर्दोष आहे, आणि घराची अंतर्गत सजावट करणारे व्यावसायिकही ती सुचवतात. मात्र तो नकाशा पुढे आठवडाभर हलवायचा नसतो, कारण ‘वावर कसा होतो ते पाहायचे असते’. परिणामी घरातली मंडळी त्या कागदी सोफ्याला वळसा घालून चालतात, त्याची आई ‘अरे, हा पसारा कधी उचलणार आहेस?’ असे सकाळ-संध्याकाळ विचारते, आणि चौथ्या दिवशी केर काढणाऱ्या बाई तो सोफा गोळा करून रद्दीत टाकतात. शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

दुसरा टप्पा विद्यार्जनाचा. सोफ्याच्या पोटात काय असते याविषयी हा गृहस्थ रात्री जागून चित्रफिती पाहतो आणि बऱ्यापैकी खरी माहिती मिळवतो, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. बसण्याची गादी पॉलियुरेथेन फोमची असते. या पदार्थाची रसायनक्रिया जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधली, हे तो दुकानातील विक्रेत्याला न विचारता सांगतो. फोमची प्रत डेन्सिटीने, म्हणजे घनतेने सांगतात. ‘बत्तीस डेन्सिटी’ याचा अर्थ एक घनमीटर फोमचे वजन ३२ किलो. घनता आणि कडकपणा या भिन्न गोष्टी आहेत, कारण त्याच घनतेचा फोम मऊही करता येतो आणि कडकही. घनतेवरून मुख्यतः तो किती वर्षांनी दबेल याचा अंदाज येतो. आता दुकानदार ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणतो आणि फोम तर कापडात शिवलेला असतो, तेव्हा खात्री कशी करावी? या प्रश्नावर सोफाशोधकाने शोधलेले उत्तर त्याच्या बुद्धीची साक्ष देणारे आहे. विमानप्रवासापूर्वी बॅगा तोलायचा छोटा काटा तो खिशातून काढतो, सोफ्याची सुटी गादी त्याला अडकवतो आणि हिशेब मांडतो: दोन फूट लांब, दोन फूट रुंद, पाच इंच जाड अशी गादी ३२ च्या फोमची असेल तर साधारण दीड किलो भरेल, ४० ची असेल तर एक किलो नऊशे ग्रॅमच्या आसपास. काटा पावणेदोन किलो दाखवतो. त्यातून कापडाचे आणि चेनचे वजन वजा करायचे असते, ते किती धरावे यावर वाद होतो, आणि गल्ल्यावरचा मालक ‘साहब, ये आलू-प्याज थोड़े ही है’ असे म्हणून चहा मागवतो. चहा पिऊन सोफाशोधक बाहेर पडतो. गादी पुन्हा जागेवर बसवायचे काम पोऱ्याकडे राहते.

लाकडाच्या बाबतीत त्याची भूमिका भावनिक असते. सांगाडा सागवानाचाच हवा, ही वडिलोपार्जित श्रद्धा. बल्लारशाच्या सागवानाचे नाव घेताना त्याचा आवाज किंचित खाली येतो, आणि विक्रेत्याने ‘बर्मा टीक’ म्हणताच तो चढतो, कारण म्यानमारने अख्ख्या ओंडक्यांची निर्यात २०१४ पासून बंद केल्याचे त्याला ठाऊक असते. चिरलेले लाकूड त्यानंतरही येऊ शकते, हे विक्रेत्याला ठाऊक असते. दोघेही आपापल्या ज्ञानावर ठाम राहतात. सोफ्याचे तळाचे कापड उचलून पाहिले असता आत पाइनचे लाकूड आणि प्लायवूड निघते, जे किमतीच्या मानाने वाईट नसते, परंतु तोवर प्रश्न तत्त्वाचा झालेला असतो. रेक्झिनसारख्या दिसणाऱ्या कृत्रिम चामड्याबद्दलचे त्याचे मत मात्र मान्य करण्याजोगे आहे: कोकणपट्टीच्या दमट हवेत त्याच्या वरचा पातळ थर काही वर्षांतच सुटू लागतो, आणि मग सोफ्यावरून उठलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर काळे पापुद्रे दिसतात.

परवडणे ही संकल्पना त्याच्या लेखी किमतीशी फारशी निगडित नाही. छत्तीस हजारांचा पाच जणांचा संच पाहिल्यावर तो प्रथम माणशी दर काढतो, तो येतो सात हजार दोनशे. मग पूर्ण किमतीला दहा वर्षांच्या आयुष्याने भागून रोजचे सुमारे दहा रुपये काढतो, आणि हा दर चहाच्या कपाइतकाच असल्याने खुश होतो. परंतु लगेच त्याच्या लक्षात येते, की घरात माणसे चार आहेत, म्हणजे एका रिकाम्या जागेचे सात हजार दोनशे उगाच जाणार. एल आकाराच्या सोफ्यावर तर त्याचा रागच असतो. त्याच्या कोपऱ्यातील जागेत बसणाऱ्याने गुडघे कोठे ठेवावेत याचा खुलासा कोणीही करत नाही, तेथे कालांतराने न घडी केलेले कपडेच बसतात, तरी सहा जणांचे पैसे मोजावे लागतात. हे त्याचे गणित तंतोतंत बरोबर आहे. ‘नो कॉस्ट ईएमआय’, म्हणजे बिनव्याजी म्हणवला जाणारा मासिक हप्ता, याचा उच्चार होताच तो रिझर्व्ह बँकेचे २०१३ चे परिपत्रक काढतो, ज्यात शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते असे बँकांना बजावले होते. पितृपक्षात दुकाने ओस पडतात, तेव्हा भाव पाडून घेता येईल, असाही त्याचा पक्का सिद्धान्त आहे. आई तो ऐकूनही घेत नाही.

अशा तयारीनिशी तो बाजार फिरतो. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेल्या उल्हासनगरात, जेथे पत्ते अजूनही कॅम्पच्या क्रमांकाने सांगतात, तो फर्निचर बाजाराच्या चार फेऱ्या मारतो. जोगेश्वरीच्या ओशिवऱ्याला जातो. आणि नवी मुंबईत तुर्भे येथे डिसेंबर २०२० मध्ये उघडलेल्या आयकियाच्या दालनात सहकुटुंब एक पूर्ण शनिवार घालवतो. तेथून येताना सोफा येत नाही. येतात त्या सुगंधी मेणबत्त्या, एक गाळणे, आणि दालनात फुकट मिळणारी कागदी मापपट्टी, जी पुढे जपून ठेवली जाते.

या सर्व भ्रमंतीत प्रत्यक्ष बसण्याचा प्रसंग किती येतो, हे पाहण्यासारखे आहे. दुकानातील सोफ्यावर सोफाशोधक बूट घालून, पाठ ताठ ठेवून, हात गुडघ्यांवर घेऊन, नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखा अर्धा मिनिट टेकतो. दोनदा किंचित उसळी घेऊन स्प्रिंग पारखतो. आणि ‘ठीक आहे’ म्हणून उठतो. घरी गेल्यावर तो असा कधीही बसत नाही. घरी तो मांडी घालतो, एक पाय वर घेतो, हातावर डोके ठेवून बातम्या पाहतो आणि साडेनऊनंतर आडवा होतो. मांडी घालायला बैठकीची खोली, म्हणजे पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतचे अंतर, चोवीस इंचांच्या आसपास लागते. वीस-एकवीस इंचांच्या सोफ्यावर गुडघे बाहेर लोंबकळतात. आडवे व्हायचे तर हाताचा टेकू रुंद आणि मऊ लागतो. गुडघे दुखणाऱ्या आईला याच्या उलट हवे असते: बैठक जमिनीपासून अठरा इंच तरी उंच, खोली कमी, आणि उठताना रेटा द्यायला कडक लाकडी हात. ठेंगण्या, आधुनिक सोफ्यावर तिला एकदा बसवले असता दोघांनी धरून उठवावे लागले होते, परंतु त्या वेळी मुलगा काट्याचे आकडे वहीत लिहून घेत होता. पत्नीने मात्र खालच्या जागेतून केरसुणी फिरते की नाही हे वाकून पाहिलेले असते. ‘अहो, पण हा पुसायचा कसा?’ या तिच्या एका प्रश्नात जेवढे व्यवहारज्ञान असते, तेवढे त्या वहीच्या बावीस पानांत नसते.

शोधाचा शेवट निर्णयाने होत नाही, तारखेने होतो. मुलीला पाहायला, किंवा हल्लीच्या रीतीप्रमाणे मुलीने आधीच ठरवलेल्या मुलाचे आई-वडील ‘सहज भेटायला’, पुढच्या रविवारी येणार असे कळते, आणि चार दिवसांत सोफा हवा असतो. तेव्हा दीड वर्षापूर्वी पहिल्याच दुकानात पाहून नाकारलेला सोफा, मधल्या काळात वाढलेल्या किमतीला, अठरा टक्के जीएसटीसह पक्क्या बिलावर घेतला जातो. तो टेम्पोतून इमारतीखाली उतरल्यावर हॉलचे माप बरोबर निघते, दाराचे बरोबर निघते, फक्त चार माणसांच्या लिफ्टचे आणि जिन्याच्या वळणाचे माप वहीत नसते. हमाल मजल्यागणिक दर सांगतात. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर सोफा उभा करून, कठड्यावरून तिरका घेत, भिंतीचा रंग खरवडत वर नेला जातो, आणि त्या वेळी सोसायटीतील प्रत्येक गृहस्थ दारात येऊन सूचना करतो, कारण त्यांतील निम्मे स्वतः सोफाशोधक असतात.

नव्या सोफ्यावर प्लास्टिक तसेच ठेवले जाते, ते निघाल्यावर चादर येते, आणि व्याही मंडळी तिच्या कडेवर जपून टेकून पोहे खातात. मंडळी गेल्यावर सोफाशोधक जमिनीवर बसकण मारतो, पाठ नव्या सोफ्याला लावतो आणि पाय पसरतो. छत्तीस हजारांचा, आता एक्केचाळीस हजारांचा, तक्क्या त्याला लाभलेला असतो.

ज्या वाचकांच्या घरी सध्या हा शोध चालू असेल, त्यांनी दुकानात गेल्यावर खुशाल चपला काढाव्यात, सोफ्यावर मांडी घालून पाहावी, मग दहा मिनिटे आडवे व्हावे, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला कोणाचाही हात न धरता उठून दाखवायला सांगावे. विक्रेते अशा गिऱ्हाइकांना सरावलेले असतात. सोफा उत्तम लाकडाचा आणि जुना असेल, तर नवा फोम व नवे कापड घालून देणारा कारागीर जवळपास आहे का, याची चौकशी त्याआधी करावी. आणि निघण्यापूर्वी जिन्याच्या वळणाचे माप घ्यावे.