मेहुण्याने पाडलेला आरसा

जुन्या मोटारींच्या मालकांत दोन पंथ स्पष्ट दिसतात: एक, ज्यांची गाडी बिघडते, आणि दुसरा, ज्यांची गाडी कोणीतरी बिघडवते. प्रस्तुत विवेचनाचा विषय दुसऱ्या पंथातला, पुण्या-मुंबईकडे प्रीमियर पद्मिनी बाळगून असलेला गृहस्थ हा होय. प्रत्येक सोसायटीत असा एक तरी असतोच, त्यामुळे रविवारी सकाळी बनियनवर बॉनेटमध्ये वाकलेली त्याची पाठ वाचकांच्या परिचयाची आहे असे गृहीत धरून पुढे जाण्यास हरकत नाही.

त्याच्या गाडीचे कुळ मात्र सांगितले पाहिजे, कारण ते तो सांगितल्याशिवाय राहत नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ च्या सुमारास ही गाडी ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून तयार होऊ लागली आणि १९७४ मध्ये तिचे ‘पद्मिनी’ असे नामकरण झाले. इंजिन १०८९ सीसीचे, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, जो नव्या पिढीच्या ड्रायव्हरांना वायपरचा वाटतो. तिच्यासाठी ‘नंबर लावणे’, म्हणजे आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षे पाळीची वाट पाहणे, हा त्या काळच्या मध्यमवर्गाचा संस्कारच होता, आणि वडिलांनी लावलेला नंबर मुलाच्या मुंजीनंतर लागला ही कथा या पंथात अभिमानाने सांगितली जाते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होण्यासाठी वाहन पन्नास वर्षांपेक्षा जुने असावे लागते. या गृहस्थाची गाडी त्या मर्यादेला काही वर्षे कमी पडते, आणि हा दोष तो सरकारचा मानतो.

आता आरशाकडे वळावे. मागचा रस्ता दाखवणारा आतला आरसा काही गाड्यांत छताच्या कडेला स्क्रूने बसवलेला असतो, तर काहींत समोरच्या काचेला चिकटवलेल्या धातूच्या टिकलीवर सरकवून अडकवलेला असतो. प्रत्येक भाग ‘ओरिजिनल’ असल्याची ग्वाही देणाऱ्या या गृहस्थाने आपला आरसा मात्र पुण्याच्या जुन्या बाजारातून, कोणत्या गाडीचा होता हे विक्रेत्यालाही ठाऊक नसताना, घासाघीस करून आणलेला असतो, आणि तो दुसऱ्या जातीचा, म्हणजे पडणारा असतो.

आरसा पडण्याची कारणे अवघड नाहीत. वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीची काच हाताला चटका बसेल इतकी तापते, धातू आणि काच उष्णतेने सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, आणि या दोहोंच्या ओढाताणीत मध्ये सापडलेला गोंद कधीतरी सुटतो. त्यात रस्त्यावरचे खड्डे भर घालतात. या गृहस्थाला ही उपपत्ती मान्य नाही. त्याच्या मते आरसा पडण्याचे कारण एकच: मेहुण्याने दार आपटले.

येथे ‘दार हळू लावा’ या सूत्राचा उल्लेख आवश्यक आहे. गाडीत बसणाऱ्या प्रत्येक मनुष्याला, मग तो पाहुणा असो, भटजी असो वा गाडी तपासायला आलेला मेकॅनिक असो, हे सूत्र ऐकवले जाते. अडचण अशी की पद्मिनीचे दार हळू लावल्यास लागत नाही. त्यामुळे पाहुणा प्रथम हळू लावतो, मग जरा जोर लावतो, आणि तिसऱ्या खेपेस संकोच सोडून जे करतो त्याला आपटणे म्हणतात. त्या आवाजासरशी मालकाची नजर दाराकडे न जाता आरशाकडे जाते. इतर पाहुण्यांना तो क्षमा करतो. नाशिकला राहणारा, बँकेतून निवृत्त झालेला आणि स्वतः कॅमेरावाली नवी गाडी चालवणारा मेहुणा मात्र क्षमेच्या कक्षेत येत नाही.

मेहुणा नाशिकात असताना पुण्यात आरसा पडला, तर त्याने दिवाळीत दार आपटले तेव्हा बसलेला धक्का काचेत मुरून राहिला होता आणि तो आता वैशाखात बाहेर आला, असे स्पष्टीकरण दिले जाते. गाडी चार महिने कव्हरखाली असताना आरसा पडला, तर मेहुण्याने जाताना कव्हर नीट ओढले नव्हते हे आठवते. एकदा तर आरसा बदलून नवा आणला आणि तोही पडला. त्या नव्या आरशाने मेहुण्याला पाहिलेसुद्धा नव्हते, परंतु टिकली जुनीच होती, आणि टिकलीने पाहिले होते.

पुनःस्थापनेचा विधी शास्त्रोक्त आहे, परंतु तो या गृहस्थाच्या स्वभावाला मानवत नाही. प्रथम काचेच्या बाहेरच्या बाजूने टिकलीची जागा खुणेच्या पेन्सिलीने आखावी, आतला जुना गोंद ब्लेडने खरवडावा, काच व टिकली दोन्ही स्पिरिटने पुसावीत. आरशासाठी मिळणारा खास गोंद हा हवेचा संपर्क तुटल्यावर आणि धातूच्या सान्निध्यात घट्ट होणाऱ्या जातीचा असतो. काच हे काम करीत नसल्याने सोबत ‘ॲक्टिव्हेटर’ नावाचे द्रावण देतात, ते आधी लावून वाळू द्यावे लागते. मग एकच थेंब, टिकलीची योग्य बाजू वर, मिनिटभर दाब, आणि आरसा अडकवण्यापूर्वी पुड्यावर लिहिला असेल तितका वेळ थांबणे. थर जाड झाला तर गोंद आतून कच्चा राहतो. पण लग्नात पंगतीला तूप वाढावे तसा हा गृहस्थ तो वाढतो. साधा झटपट गोंद उन्हात ठिसूळ होऊन सुटतो, हे ठाऊक असूनही घाईच्या वेळी तोच वापरतो. वडिलांनी गाडीसाठी कित्येक वर्षे वाट पाहिली त्याच गाडीच्या आरशासाठी चिरंजीवांना एक रात्र थांबवत नाही. संध्याकाळी आरसा चढतो, सकाळी गिअरच्या दांड्यापाशी पालथा सापडतो, आणि रात्री मेहुण्याचा फोन येऊन गेल्याची नोंद घेतली जाते.

त्याचा इतिहासाचा व्यासंगही याच दिशेने जातो. १९११ मध्ये पहिल्या इंडियानापोलिस ५०० मैलांच्या शर्यतीत रे हॅरून याने सोबतचा मेकॅनिक न घेता, मागे पाहण्यासाठी गाडीवर आरसा बसवून ती जिंकली. विटांच्या त्या मार्गावर आरसा इतका थरथरत होता की त्यात फारसे दिसतच नव्हते, असे पुढे त्यानेच सांगितल्याचे नमूद आहे. या माहितीवर आपल्या गृहस्थाचे भाष्य असे, की हॅरूनलाही मेहुणा असणार.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली आणि या गृहस्थाने सुट्या भागांची आणखी एक पेटी भरून ठेवली. त्याच सुमारास मेहुण्याच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या. पद्मिनीच्या बसक्या आसनात उतरणे त्याला जमेना, आणि पुण्याला येणेही कमी झाले. दार आता कोणी आपटत नाही, म्हणजे ते पुरते लागतही नाही. आरसा मात्र पूर्वीप्रमाणे पडतो.

अशा वेळी हा गृहस्थ प्रथम आरसा उचलीत नाही, तर नाशिकला फोन लावतो. “पाडलास पुन्हा,” एवढेच तो म्हणतो. पलीकडून “भावोजी, किती वाजता?” अशी विचारणा होते, त्या वेळी आपण औषध घेऊन झोपलो होतो असा खुलासा येतो, आणि मग झटपट गोंद वापरल्याबद्दलचा प्रत्यारोप. संभाषण तेथून गुडघे, पाऊस, बहिणीची साखर आणि गंगापूर धरणातले पाणी अशा वाटेने पाऊण तास चालते, आणि तोवर आरसा शेजारच्या सीटवर पडून असतो. मागच्या पिढीतल्या त्या दिवाळीत दार नेमके किती जोरात लावले गेले, याबाबत उभय पक्षांत अद्याप एकमत झालेले नाही. पुढील चर्चा आरसा पुन्हा पडल्यावर व्हावयाची आहे.