शेंडा, पान आणि बी

(नोएडातील एक सदनिका. केंद्रीय सचिवालयातून अवर सचिव या हुद्द्यावरून निवृत्त झालेले मामा, आणि गुरुग्रामच्या कंपनीत नोकरी करणारा, सकाळच्या विमानाने दिल्लीहून पुण्यास निघालेला भाचा. बॅग पलंगावर उघडी आहे, आणि इतरांचे सामान तपासण्याची मामांची सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही.)

मामा : ही बाटली कसली?

भाचा : तेल आहे, मामा. आईच्या गुडघ्यांसाठी. डेन्व्हरला गेलो होतो तेव्हा आणलं. हेम्पचं.

मामा : म्हणजे भांगेच्या झाडाचं. माझ्या बहिणीचे गुडघे दुखतात हे मला मान्य आहे; पण त्यांच्यापायी तिच्या मुलावर फौजदारी व्हावी, हे तिलाही मान्य होणार नाही.

भाचा : नशा येणारं नाही हो! लेबलावर स्वच्छ छापलंय, टीएचसी, म्हणजे नशेचं द्रव्य, ०.३ टक्क्यांहून कमी. अमेरिकेच्या २०१८ च्या कृषी कायद्यानं याला मोकळीक दिलीय. तिथल्या विमानतळावरही कोणी हटकलं नाही.

मामा : अमेरिकेचा कायदा टक्का विचारतो, आपला कायदा अवयव विचारतो. ज्याचे पूर्ण नाव घेताना आमच्या शाखेतील भल्याभल्यांना मध्ये श्वास घ्यावा लागे, त्या १९८५ च्या 'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमा'त, या झाडाची राळ तो चरस, फुलोरा आलेले किंवा फळे धरलेले शेंडे तो गांजा, आणि शेंड्यांच्या संगतीत नसतील तर बिया व पाने गांजाच्या व्याख्येबाहेर, अशी त्या वनस्पतीची रीतसर वाटणी झालेली आहे. आणि त्या व्याख्येत तुझ्या टक्क्याला कोठेही जागा नाही.

भाचा : मग झालं तर! हे पानांचं तेल असेल.

मामा : बाटलीत पान दिसतंय का? चरसाच्या व्याख्येत राळेचे संहत अर्क आणि हशीशचे तेलही बसवलेले आहे. शिवाय टीएचसी हे द्रव्य त्याच अधिनियमाच्या अनुसूचीत स्वतंत्रपणे नमूद आहे. तेव्हा '०.३ टक्क्यांहून कमी' हा मजकूर तू बचाव म्हणून दाखवतो आहेस. पण तपासनीस तोच कबुलीजबाब म्हणून वाचू शकेल.

भाचा : मला हे ठाऊकच नव्हतं, असं सांगेन.

मामा : कलम ३५. आरोपीचे मन दोषी होते, असे न्यायालय आधीच गृहीत धरते. ते तसे नव्हते हे तू सिद्ध करायचे, आणि तेही वाजवी संशयापलीकडे. बाटली दिल्लीत उतरवलीस तेव्हा सीमाशुल्कवाल्यांना दाखवलीस?

भाचा : ग्रीन चॅनेलनं आलो.

मामा : (डोळे मिटून) बँकॉकहून येणाऱ्या बॅगांतून गांजा जप्त झाल्याच्या बातम्या इंदिरा गांधी विमानतळावरून वरचेवर येतात. थायलंडने २०२२ साली गांजा मोकळा केला आणि २०२५ साली पुन्हा वैद्याच्या चिठ्ठीवर आणून ठेवला. पण तेथे मोकळीक होती तेव्हाही येथील दारात ती कोणाच्या उपयोगी पडली नाही.

भाचा : मामा, तीस मिलिलिटर आहे!

मामा : चरस १०० ग्रॅमपर्यंत 'अल्प प्रमाण', गांजा एक किलोपर्यंत. अल्प म्हणजे माफ नव्हे. एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

भाचा : झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर घ्या, अशी मागणी करता येते ना? तुम्ही चला माझ्याबरोबर.

मामा : (किंचित सुखावून) कलम ५० वाचलेलं दिसतंय. पण मी निवृत्त. आणि ते कलम अंगझडतीपुरते आहे, बॅगेला लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच सांगितले आहे. तुझा मुद्देमाल बॅगेत आहे.

मामी : (आतून) होळीच्या ठंडाईत कुणी काय घातलं होतं, तेही सांगा त्याला!

मामा : ती उत्तर प्रदेश सरकारच्या परवान्याच्या दुकानातून आणलेली भांग होती. पान! राज्याच्या तिजोरीत महसूल भरून घेतलेले पान.

भाचा : मग तेच पान पुण्याला नेतो.

मामा : महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात मादक द्रव्यांमध्ये पानही मोडते. परवाना नसेल तर अडचण.

भाचा : म्हणजे नोएडात प्यायलं तर सण, आणि पुण्यात खिशात सापडलं तर गुन्हा?

मामा : याला संघराज्य म्हणतात. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये आयोग नेमून या एका झाडावर सात खंडांचा अहवाल छापून घेतला, आणि बेताने सेवन केल्यास फारशी हानी नाही, सबब सरसकट बंदी नको, असा निष्कर्ष काढला. तो अहवाल आमच्या ग्रंथालयात होता. त्यावरची धूळ मात्र निर्भेळ स्वदेशी होती.

भाचा : बरं, ही पुडी? अल्मोड्याहून आणलेलं भांगेच्या बियांचं कूट आहे, चटणीसाठी.

मामा : (पुडी उलटून, चष्मा कपाळावर सरकवून, परवाना क्रमांक बोटाने चाचपत) बी. बियांना, त्यांच्या तेलाला आणि पिठाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली खाद्य म्हणून मान्यता दिली. मात्र बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी असता कामा नये. सीलबंद आहे, क्रमांक आहे. ने.

भाचा : आणि हेम्पच्या कापडाचा सदरा?

मामा : धाग्याला कोणाची हरकत नाही. अंगात घालून जा.

भाचा : मग आईच्या गुडघ्यांचं काय?

मामा : पुण्यात वैद्य आहेत. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. परवानाधारक उत्पादकाचे विजयायुक्त औषध वैद्याच्या चिठ्ठीवर तेथेच मिळू शकते. त्यासाठी तुला आकाशमार्गे तस्कर व्हायची गरज नाही.

भाचा : तोवर बाटली तुमच्याकडे ठेवू?

मामा : माझ्याकडे? अरे, मी निवृत्तिवेतनधारक आहे! तिचे काय करावे ते आधी वकिलाला विचार, आणि मग विमानतळाची वाट धर. बहिणीला सांग, तूर्त तिळाचे तेल कोमट करून चोळ; तिळाच्या बीला, पानाला किंवा शेंड्याला अजून कोणतेही कलम लागलेले नाही.