ड्रॅगन चालतो, बंदूक चालत नाही

दिवाळीत भाचा पुण्याहून आला तो चार मित्र आणि थैलीभर फासे घेऊन. फासेही कसे? कुणाला आठ तोंडं, कुणाला बारा, कुणाला वीस. खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली काढला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि वार लागला की हुकला ते फाशाला विचारायचं. घाटंजीकडच्या आमच्या ओसरीवर ही पोरं दोन दिवस भांडत होती. भांडण एकच : या खेळात बंदूक असावी की नसावी.

"बंदूक आली की सगळा रिअ‍ॅलिझम जातो, मामा," भाचा म्हणाला.

समोर सतरंजीवर आग ओकणारी, पंखवाली, सोन्याच्या राशीवर झोपणारी एक पाल मांडलेली होती. तिच्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती.

मला बाजीप्रभू आठवले. घोडखिंडीत तलवारी चालू असतात आणि आपण लहानपणापासून कान लावून असतो ते विशाळगडावरच्या तोफांकडे. तलवारीच्या गोष्टीत ही दारू कुठून आली, असं एकाही मराठी पोराने आजवर विचारलेलं नाही. युरोपातही तोफा चौदाव्या शतकातच आल्या. अंगभर पोलादी पत्र्याचं ते चिलखत पुरतं घडलं पंधराव्यात. पण इतिहास सांगणाऱ्या मामाचं कोण ऐकतो? म्हणून मी आबाजींची बंदूक काढली. म्हणजे विषय काढला.

माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. पोरांना वाटलं, मामा फेकतोय. मी सांगितलं, बाबांनो, १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. तुमच्या खेळात जी अद्भुत कथेत बसत नाही, ती आमच्याकडे शेतीच्या अवजारांत बसते.

आबाजी ती घेऊन जागलीला जात. नळीत दारू ओतायची, वर चिंधी कोंबायची, गजाने ठासायची, मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा गज, शेवटी तांब्याची टोपी चढवायची. हे सगळं अंधारात, बिडी लांब ठेवून. एका रात्री रोह्यांचा कळप तुरीत शिरला. नुसता आवाज काढून हाकलावा म्हणून आबाजींनी नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला. टिच्च! टोपी तेवढी वाजली. आतली दारू सादळलेली. एक रोही मान वळवून बघत राहिला आणि परत तुरीला लागला. "हिच्या मायले," आबाजी म्हणाले, "हे बी सरकारीच निंगाली!"

भाच्याने नियमपुस्तक उघडलं. २०१४ च्या आवृत्तीत मस्केट आहे : मार बारा तोंडांच्या फाशाचा. मोठ्या धनुष्याला आठ तोंडांचा. म्हणजे बंदूक घेतली की तलवारवाले, धनुष्यवाले घरी बसणार, ही खरी रड. मग आम्ही कागद-पेन्सिल घेतली. म्हाताऱ्या तांबड्या ड्रॅगनचा जीव ५४६. बारा तोंडांच्या फाशाची सरासरी साडेसहा. एकही नेम न चुकता ८४ बार. खेळातली एक फेरी ६ सेकंदांची, फेरीला एक बार, म्हणजे साडेआठ मिनिटांत ड्रॅगन खलास.

सहा सेकंदांत आबाजींकडून दारूच्या डबीचं झाकण निघत नसे. दोन मिनिटांना एक बार धरला, तरी पावणेतीन तास. तेवढ्यात ड्रॅगन कापूस, तूर, कोठा भाजून यवतमाळला चक्कर मारून आला असता. शिवाय तो १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कोणत्या अनुसूचीत येतो हे बघावं लागेल, आणि जळालेल्या पिकाचा पंचनामा कोण करणार ते निराळंच.

पोरांना हे इतकं पटलं, की गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं. ड्रॅगन टिपेश्वरच्या जंगलाकडून आला. एक पोरगं ओरडलं, "मी मस्केट उचलतो!"

"ठाण्यात जमा आहे," मी म्हटलं. "आचारसंहिता लागली आहे."

"मग पावती दाखवून सोडवून आणतो."

"निकाल लागल्यावर या."

"निदान गज तरी?"

"आजीने मोरी तुंबली तेव्हा नेला, तो अजून सापडलेला नाही."

पोरं माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर रिअ‍ॅलिझम हा शब्द कुणी काढला नाही. शेवटी त्यांनी वीस तोंडांचा फासा टाकला आणि ड्रॅगनला तेलाचा रिकामा पिपा बडवून हाकललं. नियमपुस्तकात पिप्याला कसलाच आकडा दिलेला नाही. आम्ही दोन धरला.