गुरुजींचे जोडउत्पन्न : पायरीपायरीने

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळेत नव्याने रुजू झालेला शिक्षणसेवक पहिली तीन वर्षे दरमहा १६,००० रुपये मानधनावर काढतो. २०२३ च्या आधी हा आकडा ६,००० होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. तरीही खोलीभाडे, गाडीचे पेट्रोल आणि घरी पाठवायचे पैसे यांची बेरीज मानधनाला ओलांडून जातेच. अशा गरजूंसाठी, आणि कायम होऊनही गृहकर्जाच्या हप्त्यात अडकलेल्यांसाठी, ही मार्गदर्शिका आहे. पायऱ्या क्रमाने चढाव्यात. मधली गाळल्यास खुलासा मागवला जातो.

पायरी पहिली : शिकवणे बाद करावे

शिक्षकाला सगळ्यांत चांगले येते ते शिकवणे, म्हणून यादीतून आधी तेच काढावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही, मग ती ओसरीवर असो की झूमवर. बायकोच्या नावाने क्लास काढून आपण ‘फक्त मदत’ करायची, ही युक्ती गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

त्याच कायद्यात, अगदी शेजारी, कलम २७ आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नये, असे ते सांगते. दोन्ही कलमांपैकी कोणते काटेकोर पाळले जाते, याची चौकशी कोणत्याही शिक्षक-कक्षात करावी.

पायरी दुसरी : परवानगी मागावी

परवानगी कोणत्या नियमांखाली मागायची ते पाहावे. राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७ चे आणि खासगी शाळांतल्यांना १९८१ चे. तिन्ही वेळी यूट्यूब जन्मलेले नव्हते, पण त्यावाचून नियमांचे काही अडले नाही. १९७९ च्या नियमांत साहित्य, कला किंवा शास्त्र या स्वरूपाच्या प्रासंगिक कामाला सवलत आहे. तेव्हा अपूर्णांकांच्या बेरजेचा व्हिडिओ साहित्यात बसवायचा की कलेत, हे आधी ठरवावे. अडचण पुढेच आहे. साहेबांना काम प्रासंगिक हवे आणि प्रेक्षक टिकवायचे तर व्हिडिओ नियमित हवा.

पायरी तिसरी : आत्मस्तुती न करता जाहिरात

जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत परिपत्रक काढले. वैयक्तिक खात्यावरच्या व्हिडिओत पदनाम, बोधचिन्ह, शासकीय इमारत टाळावी आणि सांघिक यशाबद्दल लिहितानाही स्वयंप्रशंसा होऊ देऊ नये, असे त्यात आहे. म्हणजे शिक्षकाने आपण शिक्षक आहोत हे न सांगता, शाळा न दाखवता आणि स्वतःबद्दल बरे न बोलता प्रसिद्ध व्हावे. २०२२ मध्ये ‘आपले गुरुजी’ म्हणून शिक्षकांचे ए-फोर आकाराचे फोटो वर्गात लावायला सांगितले होते. ती जाहिरात फुकट होती, पण ग्राहक दुसरीतले.

प्रसिद्धीचा खात्रीचा मार्ग सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी दाखवला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणल्याबद्दल नावाजले गेलेल्या डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचे ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकली. जोडउत्पन्नाच्या दृष्टीने हा भाग अनुकरणीय नाही.

पायरी चौथी : चॅनल

जाहिरातींतला वाटा मिळण्यासाठी यूट्यूबला एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास बघितले गेल्याचा पुरावा लागतो. वर्गातल्या तीस मुलांवर हा भार टाकला तर प्रत्येकाने गुरुजींना वर्षात १३३ तास जास्तीचे बघायला हवे. इतका गुरुजी कोणत्याही मुलाला सोसत नाही.

बडबडगीतांचा मोह टाळावा. जानेवारी २०२० पासून ‘मुलांसाठी’ असलेल्या व्हिडिओंवर प्रेक्षकाची आवड हेरून दिलेल्या जाहिराती बंद आहेत आणि कॉमेंटही बंद. लहान मुले हा यूट्यूबवरचा सगळ्यांत गरीब प्रेक्षक ठरतो. सुदैवाने शिक्षकाला दुसरा हक्काचा प्रेक्षक आहे : दुसरा शिक्षक. यू-डायस प्लसच्या पोर्टलवर विद्यार्थ्याची माहिती कशी दुरुस्त करावी, शालार्थमध्ये पगाराचे बिल कसे फॉरवर्ड करावे, टीईटीचा अर्ज कसा भरावा, असे व्हिडिओ रात्री अकराला सर्व्हर चालू झाला की हमखास बघितले जातात. पोर्टल जितके किचकट, तितके प्रेक्षक जास्त.

पायरी पाचवी : पैसे

लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के चॅनलवाल्याला मिळतात. दहा डॉलर जमले की गुगल घरच्या पत्त्यावर साध्या टपालाने पिन पाठवते. पोस्टमनशी आधीच सलोखा ठेवावा. शंभर डॉलर होईपर्यंत बँकेत काही येत नाही. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी आजीने व्हिडिओ बघितला, तर भारत-अमेरिका कर-कराराचा अर्ज भरल्यावरही तिच्या वाट्याच्या कमाईतून १५ टक्के अमेरिकेचे सरकार कापून घेते.

युडेमीवर कोर्स ठेवल्यास स्वतः आणलेल्या ग्राहकामागे ९७ टक्के आणि युडेमीने आणलेल्यामागे ३७ टक्के मिळतात. अमेरिकेत २००६ मध्ये पॉल एडेलमन या न्यूयॉर्कच्या शिक्षकाने ‘टीचर्स पे टीचर्स’ हे संकेतस्थळ काढले. तिथे स्वाध्यायपत्रिका विकून जॉर्जियातल्या बालवाडीच्या डीॲना जंप २०१२ पर्यंत दहा लाख डॉलरच्या पुढे गेल्या. आपल्याकडे स्वाध्यायपत्रिका व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने फुकट फिरते. यूट्यूबवर शिकवून मोठे झालेल्या ‘फिजिक्सवाला’ अलख पांडे यांचे उदाहरण देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की ते कोणत्याही जिल्हा परिषदेच्या सेवेत नव्हते.

कमाई चार आण्यांची असली तरी ती आयकर विवरणपत्रात दाखवावी. ती व्यवसायाची कमाई ठरली, तर पगारदारांचा साधा फॉर्म तिला चालत नाही.

पायरी सहावी : प्रतीक्षा

परवानगीचा अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी अशा वाटेने पाठवावा आणि पोच जपून ठेवावी. उत्तर न आल्यास स्मरणपत्र द्यावे. स्मरणपत्र कसे लिहावे याचा व्हिडिओ कोणत्या ना कोणत्या गुरुजींनी टाकलेला सापडेलच. तो शेवटपर्यंत बघावा, त्यांचेही चार हजार तास भरायचे आहेत.