कुठं उतरलात?

नगर जिल्ह्यातला माणूस पुण्यात कुठं उतरणार हे ओळखायला पत्रिका लागत नाही. तालुका विचारला की पुरे. नेवासा, शेवगाव, पाथर्डी, पारनेर किंवा खुद्द नगर असेल तर वाघोली, खराडी, चंदननगर. संगमनेर-अकोले असेल तर मोशी नाहीतर भोसरी. श्रीगोंद्याचा असेल तर दौंडवरून थेट हडपसर. जो रस्ता त्याला शहरात आणतो, त्याच रस्त्याच्या कडेला तो पिशव्या खाली ठेवतो. त्याच्या पलीकडं पुणे नावाचं एक शहर आहे, अशी त्याची ऐकीव माहिती असते.

हल्ली मोठ्या शहरात कोणत्या भागात राहावं याचे सल्ले मोबाइलवर फुकट मिळतात. कॅफे कुठं, रात्रीची गजबज कुठं, पायी फिरायला झाडी कुठं. कोरेगाव पार्कला पाच तारे, कल्याणीनगरला साडेचार. नगरच्या सावेडीतला पोरगा हे सगळं वाचून काढतो, हॉटेलांचे फोटो मोठे करून बाथरूमच्या फरशा तपासतो, आणि शेवटी वाघोलीतल्या चुलतभावाला फोन लावतो. "दादा, शनिवारी येतोय." बुकिंग झालं.

नगरकराच्या यादीत प्रश्न दोनच. तिथं आपलं कोण आहे, आणि परतीची गाडी कुठून सुटते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वर्षानुवर्षं एकच होतं, शिवाजीनगर स्टँड. मेट्रोच्या कामासाठी 2019 च्या अखेरीस तो स्टँड वाकडेवाडीला हलवला. तात्पुरता, असं सांगून. तात्पुरतं या कलमाखाली आपल्याकडं पिढ्या वाढतात, त्यामुळं त्यावर बोलण्यात अर्थ नाही. पण नगरकराचा पुण्याशी उरलासुरला संबंधही त्यानं सुटला. आता तो वाघोलीतच हात करून गाडी थांबवतो. जागा मिळाली तर बसतो, नाहीतर शिरूरपर्यंत उभा.

नातेवाइकाकडं मुक्काम फुकट असतो असं ज्याला वाटतं, त्यानं वाणवळ्याची पिशवी उचलून बघावी. दहा किलो बाजरी, शेंगदाणे, हिवाळ्यात पारनेरचा वाटाणा, वर तुपाची बरणी, तीही मांडीवर धरून आणलेली. एवढ्यात स्टेशनजवळच्या लॉजवर दोन रात्री निघाल्या असत्या. शिवाय लॉजवाला रात्री अकराला उठवून बांधाच्या वादात साक्षीदार करत नाही. तो फक्त आधार कार्ड मागतो. त्यावर अहमदनगर, गाडीच्या पाटीवर अहिल्यानगर. तो बिचारा रजिस्टरमध्ये दोन्ही लिहितो आणि किल्ली देतो.

येरवड्याचा पूल ओलांडून मनानं पुण्यात शिरणारी एकच जमात, स्पर्धा परीक्षेची पोरं. ती सदाशिव पेठेत नाहीतर नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहतात. कॉट, अभ्यासिका आणि मेस, एवढ्या त्रिकोणात चार-पाच वर्षं जातात. त्यांना भेटायला येणारे वडील मात्र उतरतात खराडीलाच. पोराला सांगतात, "तूच ये इकडं. मला परतीला उशीर होतो." 6 मार्च 2024 ला मेट्रो नगर रस्त्यावर रामवाडीपर्यंत आली, तेव्हा ही सबबसुद्धा खरं तर संपली. रामवाडीला बसलं की डेक्कनला उतरता येतं. तरी वडिलांचं म्हणणं तेच, "परतीला उशीर होतो."

मला यात हसण्यासारखं दिसतं तितकंच शहाणपणाचंही दिसतं. परक्या गावात रात्री पोट दुखलं तर कॅफे कामाला येत नाही, चुलतभावाची मोटारसायकल येते. तारे देणाऱ्यांच्या यादीत चुलतभावाला रकाना नसतो, ही त्या यादीची गोची.

मुंबईचा मामला वेगळा. तिथं रस्ता शिरतो त्या तोंडाशी थांबायचं म्हटलं तर पहाटे साडेचारला क्लीनर "मैत्री पार्क, मैत्री पार्क" ओरडतो आणि माणूस चेंबूरच्या पुलाखाली डोळे चोळत उभा राहतो. पण आपलं माणूस इथंही असतंच. पारनेर-संगमनेरची माणसं गिरण्यांत आणि माथाडीत गेली, त्याला पिढ्या झाल्या. त्यामुळं घाटकोपर, कोपरखैरणे, कामोठे हे आमच्याकडं अर्धे आपलेच समजले जातात. निवडणूक आली की उमेदवार तिकडं जाऊन मुंबईकर मतदारांचे मेळावे घेतात. राळेगणच्या अण्णा हजाऱ्यांनाही लहानपणी नातेवाइकांनीच मुंबईला नेलं होतं. दादरला त्यांनी फुलं विकली. (पुढं दिल्लीत त्यांच्या उतरण्याची सोय सरकारनंच केली. 16 ऑगस्ट 2011 ला तिहारमध्ये. त्याच रात्री सोडायची तयारी झाली, तर अण्णांनी खोली सोडायलाच नकार दिला. चेक-आउट 19 ला. सरकारी पाहुणचाराचा इतका मनसोक्त उपभोग दुसऱ्या नगरकरानं घेतलेला नाही.)

ज्याचं मुंबईत कुणी नाही, त्याच्यासाठी आमदारांचं पत्र. जिल्ह्यात विधानसभेचे 12 आमदार, आणि चर्चगेटजवळ आकाशवाणी आमदार निवास. मनोरा आमदार निवास पाडल्यापासून खोल्यांची तंगी. पत्र घेऊन गेलं तर खोलीत आधीच सहाजण असतात, त्यातले दोन बदलीच्या कामाचे आणि एक कार्यकर्ता, जो गेल्या अधिवेशनापासून उठलेलाच नाही. कँटीनबद्दल मी काय सांगू? जुलै 2025 मध्ये तिथल्या शिळ्या वरणावरून खुद्द एका आमदारानं कर्मचाऱ्याला मारलं, ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. हा आमदार नगरचा नव्हता. आमचे आमदार जेवण बाहेरून मागवत असावेत.

मंत्रालयात काम असेल तर ही जागा उत्तमच. पण आमच्या जिल्ह्यातून मुंबईला जाणारे सगळेच काही मंत्रालयात जात नाहीत. पुष्कळांना परळला जायचं असतं. 1941 पासून तिथं टाटा रुग्णालय उभं आहे, आणि जामखेडच्या बाईला किंवा राहुरीच्या शेतमजुराला तिथं एक दिवसाचं काम नसतं. तपासण्या, मग केमो, मग पुढची तारीख. आपलं माणूस आणि परतीची गाडी हा आमचा सगळा हिशोब इथं कोसळतो. कामोठ्याच्या पुतण्याचं घर मायेचं, पण केमो घेतलेल्या माणसाला घेऊन परळहून कुर्ल्याला जा, तिथं पूल चढून हार्बर पकडा आणि गर्दीत उभे राहा, हे एकदा करून बघावं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा असल्या रुग्णांसाठी मोठा आधार आहे, पण सगळ्या महाराष्ट्रातून आणि बाहेरूनही माणसं येतात, तिथं सगळ्यांना जागा कुठून पुरणार? मग टाटाच्या समोरचा फूटपाथ. शहरात कोणत्या भागात राहावं, या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर दुसऱ्या कुणाकडं नसतं. दवाखान्याचं दार दिसेल तिथं.

म्हणून बारा आमदारांना सांगणं एवढंच. पत्रं पुष्कळ झाली, मेळावेही झाले. पक्ष कुठलाही असो, बाराजणांनी मिळून परळला चालत जाता येईल अशा चार खोल्या भाड्यानं घ्याव्यात. एक चूल ठेवावी, म्हणजे बाजरी तर पेशंट घरूनच आणतील. पाटी कुणाच्या नावाची लावायची यावर भांडण होणार हे गृहीत धरलेलं आहे. बाराही नावं लावा, पण किल्ली कार्यकर्त्याकडं देऊ नका.